मधल्या पत्र्यावरचे ठोके

ज्या बाईला आठवड्यातून एकच रविवार मिळतो, तिला त्या रविवारी सहलीला नेणं हा छळ आहे, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. सहल पुरुषांची. बाईला तेच स्वयंपाकघर, फक्त उघड्यावरचं. आमच्या बाबतीत तर तेही नाही. आमच्या स्वयंपाकघराला पत्र्याचं छप्पर होतं आणि खाली चार चाकं होती.

सत्तर सालानंतरची, दुष्काळातली गोष्ट. आम्ही सांगलीत राहत होतो. मी एका शाळेत हंगामी शिक्षिका आणि आमचे हे मिलिटरीतून हवालदार मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त होऊन येताना लोक ट्रंक आणतात, गावाकडे एखादी विहीर काढतात. यांनी लष्कराच्या लिलावातून महायुद्धाच्या वेळची अँब्युलन्स आणली. जखमींना झोपवायच्या फळ्यांचा पलंग केला, स्टोव्हला कप्पा केला, भांड्यांना फडताळ ठोकलं, खिडक्यांना माझ्या जुन्या पातळाचे पडदे लावले. वरून हिरवा रंग दिला. पण उन्हात त्या रंगाखालून लाल क्रॉस पुन्हा दिसायला लागायचा. तीन वेळा रंगवली, तीन वेळा तो वर आला. शेवटी यांनी नाद सोडला.

असलं वेड एकट्याला लागत नाही. साताऱ्याकडच्या एका सुभेदारांनी त्याच लिलावात हिची जुळी बहीण घेतली होती. सांगलीतले एक जैन व्यापारी होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्याकडे तंबू सिनेमाची जुनी गाडी होती. मशीन ठेवायच्या जागी त्यांनी गादी टाकली होती. आणखी एक-दोन गाड्या कोल्हापूरकडून यायच्या, कधी यायच्या, कधी वाटेतच बसायच्या. दर वर्षी संक्रांतीनंतरच्या शनिवारी ही सगळी मंडळी कवठे महांकाळ सोडून जतच्या वाटेवर एका माळावर जमायची. तिथं चारपाच जुनी चिंचेची झाडं होती. एक रात्र गाडीत झोपायचं, दोन दिवस एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी घालायची, आणि रविवारी घरी. याला हे लोक मेळावा म्हणायचे. त्यांचा एकच कायदा होता, तो मिलिटरीतून आलेला. एकही गाडी मागं ठेवायची नाही. एखादी बंद पडली तर ज्याच्याकडे जो पार्ट असेल तो त्यानं काढून द्यायचा, आणि सगळ्या चालू झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

गाडीत माझी जागा मागं. पुढच्या सीटवर यांची हत्यारांची पेटी असायची. ती पेटी म्हणजे यांची पहिली बायको, मी नंतरची. चालवणारा पुढं आणि मी मागं, मध्ये आडवा पत्रा. पत्र्याला पूर्वी एक सरकती खिडकी होती, तिच्यावर यांनी भांड्यांचं फडताळ ठोकून टाकलं. त्यामुळं हे मोठ्यानं बोलले की मला ऐकू यायचं, पण माझं बोलणं त्यांना इंजिनच्या आवाजात कळायचं नाही. त्यात वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवल्यानं कानही अधू झालेले. म्हणून आमचं ठरलेलं होतं. मी पत्र्यावर ठोका द्यायचा. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पुढं पुढं तेच नाही आणि हो झालं. भूक लागली का, दोन. चहाला थांबू का, एक. आमचा निम्मा संसार त्या पत्र्याच्या दोन बाजूंनी झाला असं म्हटलं तरी चालेल.

निघण्याआधीची कामंही माझीच. स्टोव्ह विझला का बघायचं, पाण्याच्या ड्रमचं झाकण घट्ट करायचं, ताटल्यांमध्ये फडकी घालायची, आणि मधल्या पत्र्यावर हुकाला टांगलेली पितळी पळी काढून फडताळात ठेवायची. नाहीतर गाडीनं गचका घेतला की ती पत्र्यावर आपटायची.

त्या वर्षी मेळाव्याच्या आधी गुरुवारी मला पत्र आलं. साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत कायम नेमणूक. नऊ वर्षं मी हंगामी होते. दर उन्हाळ्यात नोकरी सुटायची आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज घेऊन दारोदार फिरायचं. अशी नऊ वर्षं काढली की माणूस आतून पार थकून जातं. पत्रात लिहिलं होतं की सोमवारी दुपारी बाराच्या आत समक्ष येऊन होकार लिहून द्यावा. साताऱ्यात माझ्या बहिणीनं दोन खोल्याही बघून ठेवल्या होत्या. गल्ली इतकी अरुंद की हातगाडीसुद्धा उचलून न्यावी लागायची. तिथं अँब्युलन्स जाणं शक्यच नव्हतं.

मी हे पत्र यांना वाचून दाखवलं. नोकरी घ्यायची हे माझं ठरलंच होतं. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की तुम्ही माझ्याबरोबर तिथं राहायला येणार का. म्हणजे ही गाडी सोडून. यांनी पत्र हातात घेतलं, उलटून मागची कोरी बाजू बघितली, आणि म्हणाले, रविवारी सांगतो, मेळाव्यात डोकं जरा शांत होतं. आता ज्या मेळाव्यात चार माणसं रेडिएटरवरून भांडतात तिथं डोकं कसं शांत होतं ते देव जाणे. पण मी म्हटलं, ठीक आहे, रविवार तर रविवार. पत्र मी माझ्या रेक्झिनच्या काळ्या पिशवीत ठेवलं आणि पिशवी बरोबर घेतली. त्या पिशवीतच माझी प्रशस्तिपत्रं, शाळेची हजेरी, चष्मा, सगळं असायचं.

खरं तर त्या वर्षी तिथं जायलाच नको होतं. माळ भाजून निघालेला. शाळू पोटरीत यायच्या आधीच वाळून गेलेला. रस्त्यावर पाण्याच्या टँकरशिवाय काही दिसत नव्हतं. आणि आम्ही सांगलीहून दोन ड्रम पाणी घेऊन मजा करायला चाललेलो. मला लाज वाटत होती, ती मी बोलून दाखवली. हे म्हणाले, वर्षातनं एकदा जमतो आमी. झालं.

शनिवारी दुपारी आम्ही चिंचांखाली गाड्या लावल्या आणि अर्ध्या तासात धनगरांच्या बायका आल्या. रंगाखालचा क्रॉस बघून त्यांना वाटलं सरकारी डॉक्टर आला. एका म्हातारीनं डोळे दाखवले, एकीनं पोर पुढं केलं. कानडी आणि मराठी मिसळून काहीतरी सांगत होत्या. डॉक्टर नाही म्हटल्यावर त्यांनी ड्रमाकडे बघितलं. त्यांनी मागितलं नाही, नुसतं बघितलं. मी काही बोलायच्या आत यांनी एक ड्रम उचलला आणि त्यांच्या घागरी भरून दिल्या. मग दुसराही निम्मा केला. सुभेदार म्हणाले, अरे गड्या, रेडिएटरला काय घालशील? हे म्हणाले, बघू. माणूस वाईट नव्हता हो. कुणीही काही मागितलं तर काढून द्यायचा. मला त्याचाच राग यायचा.

मग माझा स्वयंपाक सुरू झाला. अण्णा सूर्य मावळल्यावर जेवत नसत, म्हणून त्यांचं आधी. त्यात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. ते झाल्यावर बाकीच्यांचं, त्यात सगळं हवं. सुभेदारांच्या वहिनी मदतीला होत्या, पण त्यांचे गुडघे धरलेले, खाली बसल्या की उठवावं लागायचं. भाकरी मी थापल्या, पिठलं मी ढवळलं, आणि उरलेल्या पाण्यात भांडी कशी धुवायची ते सांगणारे चार पुरुष आजूबाजूला होते. वहिनी एकदा हळूच म्हणाल्या, बाई, तुमी लय वाळलाय. मी म्हटलं, झोप नाही. खरंच त्या दिवसांत मला दुसरं काही नको होतं. कायम नोकरी, दोन खोल्या, आणि रविवारी दुपारी दार लावून झोप. त्यात हे असावेत का नसावेत ते त्यांनी सांगायचं होतं, आणि ते सांगत नव्हते.

रविवारी सकाळी मी चहा दिला तेव्हा यांच्याकडे बघितलं. हे कप घेऊन सुभेदारांच्या गाडीकडे गेले. अकरा वाजता निघायचं होतं. साडेदहाला सुभेदारांची गाडी चालू होईना. हँडल मारून दमले, ढकलून बघितली. शेवटी निघालं ते असं की पेट्रोल पंपाचा पडदा फाटला होता. त्याला हे लोक डायफ्रॅम म्हणायचे. तो फाटला की पेट्रोल वर चढत नाही. तसला पडदा बसणारी गाडी एकच, आमची. जुळी बहीण.

यांनी एका शब्दानं विचारलं नाही. आमचा पंप खोलला, आमचा चांगला पडदा काढला आणि सुभेदारांच्या गाडीला बसवला. ती लगेच सुरू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता आमच्या गाडीसाठी काहीतरी कापून पडदा करायचा होता. घरापर्यंत टिकला की बास. हे हात पुसत माझ्याकडे आले. मी चिंचेच्या मुळावर बसले होते, मांडीवर पिशवी.

"ती रेक्झिनची पिशवी दे जरा," हे म्हणाले.

मला वाटलं, पत्राबद्दल काही बोलायचं असेल. मी पिशवी दिली. यांनी ती उघडली, आतलं सगळं नीट काढून माझ्या ओच्यात ठेवलं. प्रशस्तिपत्रं, हजेरी, चष्मा. सगळ्यात वर ते पत्र. मग पिशवी घेऊन बॉनेटपाशी गेले, पटाशीनं तिची एक बाजू गोल कापली, दुहेरी केली आणि भोकं पाडायला बसले. चौघांची डोकी पुन्हा आत गेली.

मी तशीच बसून राहिले. रडू वगैरे आलं नाही. एवढंच वाटलं की आता बास. ओच्यातले कागद वर्तमानपत्रात गुंडाळले, चपला घातल्या आणि वहिनींना सांगितलं की मी पुढं जाते, यांना सांगा. वहिनींनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि अडवलं नाही. म्हणाल्या, भांडी मी भरते तुमची, जावा. मी माळ उतरून रस्त्यावर आले आणि उन्हात उभी राहिले. बऱ्याच वेळानं रिकामा टँकर आला. ड्रायव्हरनं काही न विचारता कवठे महांकाळच्या स्टँडवर सोडलं. तिथून एसटीनं मिरज, मिरजेहून सांगली. तीनच्या सुमाराला मी घरात होते. अंघोळ केली, दार लावलं आणि झोपले. इतकी गाढ झोपले की आयुष्यात तशी झोप पुन्हा लागली नाही.

दिवस मावळताना गाडीच्या आवाजानं जाग आली. पेट्रोलनं रेक्झिन फुगलं असावं, गाडी आचके देत गल्लीत आली आणि दारासमोर थांबली. मी खिडकीशी गेले. हे पुढच्या सीटवर बसलेले, हात स्टिअरिंगवर, तोंड मागच्या पत्र्याकडे वळवलेलं. इंजिन बंद करून म्हणाले, "उतर आता, बाई. समजलं मला."

मला आधी काहीच कळेना. हे कुणाशी बोलताहेत? मग ध्यानात आलं. वहिनींनी निरोप सुभेदारांना सांगितला असणार, आणि सुभेदार गाडीखाली असताना हं म्हणाले असणार. वहिनींनी भांडी भरून मागचं दार लावून दिलं असणार. दार लावलेलं बघून हे बसले आणि निघाले. अख्खी वाट हा माणूस माझ्याशी बोलत आला होता, आणि मी घरात झोपले होते.

हे खाली उतरले, मागं गेले, दार उघडलं. मीही बाहेर येऊन यांच्या मागं उभी राहिले. आत भांडी होती, रिकामे ड्रम होते. मधल्या पत्र्यावर पळी तशीच हुकाला होती, अजून हलत होती. ती काढून ठेवायची वहिनींना माहीत नव्हतं. हे दार धरून त्या पळीकडे बघत राहिले. मग वळले तर मागं मी.

"कवा आलीस?" यांनी विचारलं.

मी म्हटलं, दुपारी. आणि विचारलं, काय समजलं तुम्हाला? हे भांडी उतरवायला लागले. शेवटचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, डायफ्रॅम टिकला.

रविवार असा संपला. मी पुन्हा विचारलं नाही. नऊ वर्षं लोकांच्या होकाराची वाट बघितली होती, घरातल्या माणसापुढं तेच करायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. सोमवारी पहाटेच्या एसटीनं मी साताऱ्याला गेले आणि होकार लिहून दिला. पुढच्या आठवड्यात यांनी माझी ट्रंक स्टँडवर पोचवली, टपावर चढवून दोरी बांधली आणि म्हणाले, शनिवारी येतो.

तीन वर्षं असं चाललं. कधी शनिवारी यायचे, कधी नाही. गाडी गल्लीत येत नव्हती म्हणून गावाबाहेरच्या मैदानाशी लावायचे आणि गाडीतच झोपायचे. मी डबा घेऊन जायची. शेजारणी विचारायच्या, तुमचे मिस्टर घरी का हो राहत नाहीत? मी सांगायची, त्यांना मोकळ्या हवेची सवय आहे. झोपायला मला आता हवा तेवढा रविवार होता, पण झोप येत नव्हती. पडून राहायची आणि ते "समजलं मला" आठवायची. वाटेत काय बोलले असतील? येतो म्हणाले असतील, का येत नाही? मेळाव्याला मी पुन्हा गेले नाही.

मग एका पावसाळ्यात गाडीचं इंजिन जाम झालं, ते कायमचंच. यांनी उरलेली गाडी सुभेदारांना देऊन टाकली, जुळीला पार्ट होतील म्हणून. आणि त्या शनिवारी हे एसटीनं आले. हातात एक पिशवी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. मैदानाकडे गेले नाहीत, सरळ खोलीवर आले. मी चहा टाकला. यांनी कागद उलगडून पळी माझ्यापुढं ठेवली. मी म्हटलं, सगळी गाडी दिलीत आणि ही एवढी कशाला आणलीत?

"हिनंच न्हाई म्हणलं हुतं," हे म्हणाले.

मग सांगितलं. तीन वर्षांनी. त्या रविवारी माळावरून निघताना हे ओरडले, बसलीस का? गाडीनं गचका घेतला आणि दोन ठोके आले. यांना वाटलं मीच ठोकले. वाटभर काय काय बोलले. गाडीनं थकवलंय मला, म्हणाले. तुझी पिशवी कापली ते चुकलं, म्हणाले. मिरजेच्या रेल्वे फाटकापाशी आले तेव्हा फाटक पडत होतं. तिथं विचारलं, मी सातारला यावं असं तुला वाटतंय का, का एकटीच सुटशील जरा? आणि ब्रेक दाबला. मागं एकच ठोका पडला.

मला इतका राग आला की चहाचं भांडं हातात तसंच राहिलं. म्हटलं, आवं, पण दार उघडल्यावर दिसलं ना मी आत नाही? पळी हलताना तुम्ही बघितली. मग पुन्हा विचारायला काय झालं होतं?

हे पळीकडे बघत होते. "दिसलं की. पर तू आत असतीस तरी एकच दिला असतास. पिशवी कापायला घेतली तवा तुझं तोंड बघितलं हुतं मी."

मी समजत होते, यांनी बघितलंच नाही.

"दोन दिले असते," मी म्हटलं. लगेच म्हटलं, विचार न करता. यांनी मान हलवली आणि बशीत चहा ओतून घेतला. त्या दिवसापासून हे त्या दोन खोल्यांत राहिले, शेवटपर्यंत. पळी मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली, अजून तिथंच आहे. पण मी तेव्हा खरं बोलले का खोटं, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दुपारी रस्त्यावर टँकरची वाट बघत उभी होते, तेव्हा मला फक्त झोप हवी होती.